मेकॅनिक : मी

पिक्सारचा ‘कार्स ३’ पाहिला असेल, तर रिव्हर स्कॉट हे नाव कदाचित आठवेल. लायटनिंग मॅक्वीन आपल्या गुरूच्या जुन्या दोस्तांना शोधत जातो, तेव्हा बारमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या गाड्यांपैकी हा एक. मोजून काही मिनिटांची भूमिका. हे पात्र ज्याच्यावरून घेतलं, तो माणूस खरा होता. त्याचं नाव वेंडेल स्कॉट. अमेरिकेतल्या नॅसकार या मोटर शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत शर्यत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर.

त्याची आकडेवारी शोधलीत तर सगळ्यात वर एक ओळ येते : ४९५ शर्यती, १ विजय. सरासरी बघून खेळाडूची लायकी ठरवायची आपल्याला सवय असते, आणि त्या सवयीने पाहिलं तर हा आकडा हसण्यासारखाच वाटतो. पण त्या एका विजयाची ट्रॉफी शर्यतीनंतर जवळजवळ ५८ वर्षांनी त्याच्या घरी पोचली, आणि तोवर त्याला जाऊन ३० वर्षं उलटली होती. ही सगळी भानगड काय आहे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

नॅसकारबद्दल आधी दोन वाक्यं. आपल्याकडे मोटर रेसिंग म्हटलं की फॉर्म्युला वन आठवतं. नॅसकारशी आपला संबंध आला तो नारायण कार्तिकेयन २०१० साली त्यांच्या ट्रक मालिकेत उतरला तेवढाच. या शर्यतींतल्या गाड्या दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या असतात, म्हणून त्यांना ‘स्टॉक कार’ म्हणतात, आणि त्या बहुतेक वेळा लंबगोल ट्रॅकवर गोल-गोल फिरतात. बिल फ्रान्स नावाच्या माणसाने १९४८ मध्ये ही संस्था उभी केली. तिची मुळं अमेरिकेच्या दक्षिणेतली, म्हणजे ज्या राज्यांत शाळा, बसमधली सीट, पाण्याचा नळ, सगळं काही कातडीच्या रंगावरून वेगळं केलेलं होतं, तिथली.

डॅनव्हिल

वेंडेल ऑलिव्हर स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. यादवी युद्धात, १८६५ च्या एप्रिलमध्ये, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारने राजधानी सोडून पळ काढला आणि शेवटचा आठवडाभर मुक्काम ठोकला तो याच गावात. स्कॉटच्या लहानपणी तिथे दोनच धंदे मोठे होते : कापडाच्या गिरण्या आणि तंबाखूचे कारखाने. कृष्णवर्णीय पोराने मोठं होऊन यांपैकी कुठेतरी चिकटायचं, असंच धरलेलं असे. स्कॉटने मात्र ठरवून टाकलं होतं की आपण साहेबाच्या हाताखाली राबायचं नाही.

त्याचा बाप श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होता. गाडी सुसाट हाकायची हौस आणि ती उघडून पुन्हा जोडायची विद्या, दोन्ही गोष्टी पोराकडे तिथूनच आल्या. आपल्या वस्तीत सायकल असलेला आपण एकटाच, असं स्कॉट पुढे सांगायचा. एकाच पायात स्केट घालून गावातल्या उतारांवरून तो सुसाट खाली यायचा. शाळा अर्धवट सोडून टॅक्सी चालवली. १९४३ मध्ये मेरी कोल्सशी लग्न झालं. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात होता, पण तिथेही पलटणी रंगानुसार वेगळ्या. परत आल्यावर त्याने गॅरेज टाकलं.

नुसत्या गॅरेजवर घर चालेना, म्हणून रात्रीचा एक जोडधंदा सुरू झाला. हातभट्टीची दारू पोचवणं. दक्षिणेतल्या डोंगराळ भागात हा मोठाच उद्योग होता आणि त्याला वेगवान गाडी लागायची. बाहेरून गाडी साधीच दिसली पाहिजे, पण इंजिन पोलिसांच्या गाडीपेक्षा जोरकस हवं, आणि मागे दारूचं वजन असतानाही ती बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक हव्यात. असल्या गाड्या बांधणारे आणि अंधारात दिवे मालवून त्या पळवणारे लोक दिवसाउजेडी एकमेकांशी पैज लावून शर्यती करू लागले, आणि नॅसकारच्या पहिल्या पिढीतले कितीतरी ड्रायव्हर यातूनच आले. स्कॉटचं शिक्षणही याच शाळेतलं. पोलीस त्याच्या मागे अनेकदा लागले. सापडला तो एकदाच, १९४९ साली. तुरुंगाऐवजी तीन वर्षं देखरेखीखाली राहायची शिक्षा झाली. रात्रीच्या फेऱ्या तरीही थांबल्या नाहीत.

शनिवार-रविवारी तो गावातल्या ट्रॅकवर शर्यती बघायला जायचा. बसायची जागा अर्थात वेगळी, काळ्यांसाठी राखलेल्या बाकांवर. समोर जे गोरे ड्रायव्हर गाड्या पळवत होते, त्यांच्याइतकंच आपणही जाणतो हे त्याला माहीत होतं.

पोलिसांची शिफारस

१९५२ मध्ये ‘डिक्सी सर्किट’ नावाची एक छोटी स्थानिक शर्यत-संघटना तिकीटविक्रीच्या चिंतेत होती. नॅसकारपुढे त्यांचा धंदा बसत नव्हता. कोणाच्या तरी डोक्यात आलं की एखादा काळा ड्रायव्हर उतरवला तर बघायला गर्दी होईल. थोडक्यात, सर्कशीत नवा प्राणी आणावा तसा हा विचार. माणूस शोधायला ते डॅनव्हिलच्या पोलिसांकडे गेले आणि विचारलं, गावात सगळ्यात जोरात गाडी चालवणारा काळा कोण? पोलिसांनी ज्याचं नाव दिलं, त्याचा पाठलाग करून ते स्वतः थकले होते.

२३ मे १९५२ ला डॅनव्हिलच्या जत्रा-मैदानावर स्कॉट पहिल्यांदा शर्यतीत उतरला. काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि गाडीही मध्येच बंद पडली. पण आपल्याला आयुष्यभर हेच करायचंय, हे त्याचं त्याच दिवशी पक्कं झालं.

गाडी दुरुस्त करून, ती ओढत तो नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमला गेला. ती शर्यत नॅसकारची होती. अधिकाऱ्यांनी सांगितलं, काळ्यांना परवानगी नाही. परतीच्या वाटेवर डोळ्यांत पाणी आलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. काही दिवसांनी हाय पॉइंटला तोच प्रकार; तिथे वर एक सूचनाही मिळाली, की गाडी हवी तर उतरव, पण चालवायला एखादा गोरा पोरगा दे. स्कॉटने ती जशी धुडकावायची तशी धुडकावली.

मग त्याने नॅसकारचा नाद काही काळ सोडला आणि बाहेरच्या छोट्या ट्रॅकांवर, कधीकधी आठवड्याला पाच-पाच शर्यती केल्या. पहिली छोटी शर्यत तो दोन आठवड्यांच्या आतच जिंकला. मुद्दाम धडक देणारे ड्रायव्हर होते, शिव्या घालणारे प्रेक्षक होते. पण गाडीतलं कसब बघून त्याच्या बाजूने ओरडणारे गोरे प्रेक्षकही हळूहळू तयार झाले. धडक दिली म्हणून उतरून हाणामारी करायची चैन त्याला परवडणारी नव्हती. गोऱ्या ड्रायव्हरांची मारामारी झाली की प्रेक्षकांची करमणूक व्हायची. त्याने हात उचलला असता तर त्याची शर्यतच कायमची संपली असती, आणि कदाचित जीवही गेला असता.

नॅसकारचं लायसन्स त्याला मिळालं ते कोणत्याही धोरणामुळे नाही, माइक पोस्टन नावाच्या एका स्थानिक अधिकाऱ्यामुळे. रिचमंडच्या ट्रॅकवर स्कॉटने त्याच्याकडे अर्ज केला. मार खावा लागेल, तयारी आहे का, एवढं पोस्टनने विचारलं आणि मुख्यालयाला न विचारता सही ठोकून दिली. मुख्यालयाला ते आवडलं नाही, पण लायसन्स दिलं गेलं होतं. संस्था कशा बदलतात यावर जाडजूड पुस्तकं असतील. इथे एका अर्धवेळ अधिकाऱ्याने एका कागदावर सही केली, एवढंच घडलं.

१९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले इथे एका आयोजकाने गोऱ्या ड्रायव्हरांना पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कॉटला नाकारले. दुसऱ्या दिवशी लिंचबर्गच्या ट्रॅकवर बिल फ्रान्स होता. स्कॉटने त्याला गाठून तक्रार केली. फ्रान्सने स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि सांगितलं, तू आमचा सभासद आहेस आणि यापुढे तुला तसंच वागवलं जाईल. हा शब्द पुढे कधी पाळला गेला, कधी नाही. डार्लिंग्टनसारख्या मोठ्या ट्रॅकने त्याला वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं, आणि नॅसकार गप्प राहिली.

चार नोकऱ्या, एक माणूस

१९५९ मध्ये स्कॉटने व्हर्जिनिया राज्याचं ‘स्पोर्ट्समन’ गटातलं विजेतेपद मिळवलं. ४ मार्च १९६१ रोजी, साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला, तो सर्वोच्च मालिकेत उतरला. तिला तेव्हा ‘ग्रँड नॅशनल’ म्हणत, आता ती ‘कप सिरीज’. त्याच्या आधी या मालिकेत एक-दोन कृष्णवर्णीय ड्रायव्हर एखाद्या शर्यतीपुरते आले होते. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला हाच पहिला. त्याचं वय तेव्हा ३९ होतं.

४९५ शर्यतींत एक विजय कसा, याचं उत्तर इथून पुढे कळतं.

१९६० च्या दशकात ही मालिका दोन वर्गांत विभागलेली होती. एका बाजूला कारखान्यांचा पाठिंबा असलेले संघ, ज्यांना फोर्ड किंवा क्रायसलर नवी इंजिनं, सुटे भाग, इंजिनिअर सगळं पुरवायचे. दुसऱ्या बाजूला ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी आणणारे. स्कॉट दुसऱ्या वर्गातला, आणि त्या वर्गातही खालच्या पायरीवर, कारण स्थानिक गॅरेजवाला किंवा गाड्यांचा डीलर एखाद्या गोऱ्या इंडिपेंडंटला जी छोटी स्पॉन्सरशिप द्यायचा, तीही त्याच्या वाट्याला येत नसे. गाडी दुसऱ्या संघाने वापरून टाकलेली. टायर बड्या संघांनी काढून टाकलेले. पिट क्रू म्हणजे घरची मुलं, वेंडेल ज्युनिअर आणि फ्रँक. गाडीवर नंबर ३४, आणि पुढच्या मडगार्डवर, जिथे इतर संघ आपल्या नामांकित मेकॅनिकचं नाव रंगवायचे, तिथे त्याने रंगवलं होतं : ‘मेकॅनिक : मी’.

आता याचा शर्यत चालवण्यावर काय परिणाम होतो, ते बघा. बड्या संघाचा ड्रायव्हर इंजिन फुटेपर्यंत दाबू शकतो. फुटलं तर पुढच्या शर्यतीला दुसरं तयार असतं. स्कॉटचं इंजिन फुटलं तर पुढची शर्यतच नाही. म्हणून जिंकायला जाण्यापेक्षा गाडी शेवटपर्यंत नेणं त्याच्या हिशेबात जास्त मोलाचं होतं. आठव्या-नवव्या नंबरचे पैसे मिळाले की पेट्रोल, सुटे भाग आणि घरचं रेशन निघायचं. आपल्याकडे ज्याने दुकान किंवा रिक्षा चालवून घर ओढलेलं पाहिलं आहे, त्याला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

या चौकटीत बाकीचे आकडे वाचले की चित्र बदलतं. ४९५ पैकी १४७ शर्यतींत पहिल्या दहांत, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. २० वेळा पहिल्या पाचांत. १९६२ मध्ये सव्हाना इथे पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीत सगळ्यांत वेगवान. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं वर्षअखेरच्या गुणतक्त्यात पहिल्या दहांत. १९६६ ला सहावा. भंगारातून उभ्या केलेल्या गाडीने, कारखान्याच्या गाड्यांमध्ये. तेरा मोसमांतली एकूण कमाई सुमारे १ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे शर्यतीमागे साडेतीनशे डॉलरहून थोडी जास्त. यातूनच इंजिन, टायर, प्रवास आणि घर.

प्रवासाचा तर वेगळाच हिशेब. १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत दक्षिणेतल्या हॉटेलांना आणि खानावळींना कृष्णवर्णीयांना हाकलून देण्याची मुभा होती. इतर ड्रायव्हर शर्यतीच्या आदल्या रात्री गादीवर झोपायचे. स्कॉट मंडळी घरून डबे बांधून निघायची आणि बऱ्याचदा ट्रकमध्येच झोपायची.

१ डिसेंबर १९६३

ते वर्ष काय होतं, ते आधी लक्षात घेऊ. जूनमध्ये खुद्द डॅनव्हिलमध्ये वर्णभेदाविरुद्ध मोर्चे निघाले. १० जूनच्या रात्री पोलिसांनी आंदोलकांवर आगीच्या बंबाचे पाण्याचे फवारे आणि दंडुके चालवले. चाळीसहून अधिक जण जखमी झाले. मार्टिन ल्यूथर किंग त्या उन्हाळ्यात गावात येऊन गेले. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या स्पीडवे पार्कवर, मातीच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, २०० लॅपची शर्यत होती.

स्कॉटची गाडी शेवरले बेल एअर, त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी नेड जॅरेटकडून विकत घेतलेली सेकंड-हँड. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स त्याच वर्षाच्या सुरुवातीला रेसिंगमधून अधिकृतपणे बाहेर पडली होती. त्यामुळे या गाडीमागे कारखान्याचं पाठबळ मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

पण मातीच्या ट्रॅकचं एक असतं. तिथे पैशाचा फरक थोडा कमी होतो. खड्डे पडतात, चाकं घसरतात, गाड्या मोडतात, आणि गाडी जपत चालवणारा शेवटी वर येतो. शर्यत संपायला २५ लॅप उरले होते तेव्हा स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. पेटीच्या गाडीत बिघाड झाला होता. हाच पेटी पुढे २०० विजयांसह या खेळाचा बादशहा झाला. स्कॉट आता सगळ्यांत पुढे होता, आणि शर्यत संपली तेव्हा दुसऱ्या नंबरवर असलेला बक बेकर त्याच्यापेक्षा दोन लॅप मागे होता. दोन लॅप म्हणजे एक अख्खा मैल.

स्कॉटच्या हिशेबाने २०० लॅप पुरे झाले. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा काही पडेना. तो चालवत राहिला. झेंडा पडला तो बक बेकर आला तेव्हा. बेकर व्हिक्टरी लेनमध्ये गेला, ट्रॉफी घेतली, ब्युटी क्वीनबरोबर फोटो काढले. स्कॉटने तक्रार नोंदवली. अधिकारी तपासणीला बसले. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, जाहीर झालं की जिंकला स्कॉटच. पहिल्या नंबरचं बक्षीस त्याला मिळालं. ट्रॉफी तोवर बेकरबरोबर निघून गेली होती.

चूक आणि दुरुस्ती

आता एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ही साधी मोजणीतली चूक असू शकते का?

तांत्रिकदृष्ट्या, हो. तेव्हा गाडीत ट्रान्सपॉन्डर वगैरे काही नव्हतं. प्रत्येक गाडीसाठी एक स्कोअरर बसायचा, बऱ्याचदा ड्रायव्हरचीच बायको किंवा नातेवाईक. गाडी समोरून गेली की मोठ्या घड्याळात बघून कार्डावर वेळ लिहायची. शेवटी सगळी कार्डं जुळवायची. धूळ, वीसेक एकसारख्या गाड्या, शंभर मैल. एखादी नोंद निसटली की सगळा हिशेब घसरतो. अशा चुका झालेल्याही आहेत. १९५९ मध्ये पहिल्यावहिल्या डेटोना ५०० शर्यतीत जॉनी बोशॅम्पला विजेता ठरवून व्हिक्टरी लेनमध्ये नेलं. फोटो आणि फिल्म तपासून सुमारे ६१ तासांनी निकाल फिरवला आणि ली पेटी विजेता ठरला. त्याच वर्षी अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर रिचर्ड पेटीला झेंडा मिळाला, आणि तक्रार करून निकाल उलटवला तो खुद्द त्याच्या बापाने, ली पेटीनेच.

सॉफ्टवेअरमध्ये काम करताना एक गोष्ट रोज दिसते : चूक प्रत्येक सिस्टिममध्ये होते. सिस्टिम कशी आहे हे कळतं ते चूक सापडल्यावर ती काय करते त्यावरून. डेटोनाच्या त्या ६१ तासांत वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती, आणि निकाल बदलला तेव्हा तो सगळ्या देशाला कळला. त्या वादाने नव्या ट्रॅकची फुकट जाहिरातच झाली. जॅक्सनव्हिलला दुरुस्ती त्याहून कितीतरी लवकर, काही तासांतच झाली. पण ती झाली रिकाम्या स्टँडसमोर. म्हणजे डेटाबेसमधली नोंद बदलली, आणि लोकांना दिसणाऱ्या स्क्रीनवर जुनंच नाव राहिलं.

शिवाय इथे फरक काही सेंटिमीटरचा नव्हता, दोन लॅपचा होता. स्कॉटचं स्वतःचं म्हणणं सरळ होतं : तिथल्या सगळ्यांना माहीत होतं की मी जिंकलोय, त्यांना फक्त मी त्या ब्युटी क्वीनचा मुका घेताना लोकांना दिसायला नको होतो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे विजेत्याच्या गालावर गोरी सुंदरी ओठ टेकवायची आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा. दक्षिणेत काळा पुरुष आणि गोरी बाई यांच्या नुसत्या संशयावरून लोकांना झाडाला टांगलेलं होतं, आणि त्या गोष्टी काही फार जुन्या नव्हत्या. आयोजकाला दंगलीची भीती वाटली असेल, धंद्याची वाटली असेल, किंवा त्याला ते दृश्यच सहन झालं नसेल. कारण कोणतंही असलं तरी किंमत मोजली ती एकाच माणसाने.

बक्षिसाचे पैसे मिळाले, विजय पुस्तकात चढला, मग राहिलं काय, असं कोणी म्हणेल. राहिली ती साक्ष. जिंकलेल्या माणसाला हजारो लोकांनी जिंकलेलं पाहणं, त्याची मुलं बापाच्या शेजारी उभी असणं, त्या फोटोच्या जोरावर एखाद्या कंपनीकडे जाऊन पुढच्या मोसमासाठी पैसे मागता येणं. रेसिंगमध्ये ट्रॉफी ही शोकेसची वस्तू आहे, तसा तो धंद्याचा कागदही आहे. बेकरला तो फोटो मिळाला. तो आधीच दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला होता. त्याला त्याची गरजही नव्हती. स्कॉटला नंतर एक साधी, नावही न कोरलेली लाकडी ट्रॉफी हातात दिली गेली, असं त्याचे कुटुंबीय सांगतात.

जिंकल्यानंतर स्कॉट आणखी दहा मोसम धावला. कारखान्याची गाडी त्याला कधीच मिळाली नाही.

टॅलाडेगा

बिल फ्रान्सने १९६९ मध्ये अलाबामात टॅलाडेगा इथे अजस्र ट्रॅक उघडला. त्यासाठी त्याला मदत झाली होती अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांची, म्हणजे वर्णभेद कायम राहील असं शपथविधीच्या भाषणात गरजणाऱ्या माणसाची. १९७२ मध्ये वॉलेस अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा फ्लोरिडातला त्यांचा प्रचार फ्रान्सने सांभाळला. लिंचबर्गला खिशातून पैसे काढून देणारा फ्रान्स आणि हा फ्रान्स, दोन्ही एकच. स्कॉटला अशा माणसाच्या आवारात जगायचं होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर स्कॉटने एक शेवटचा डाव टाकला. आयुष्यभर जुन्या गाड्या चालवल्या, आता एकदा तरी बरोबरीची गाडी घेऊन उतरायचं. कर्ज काढून त्याने चांगल्यातली मर्क्युरी घेतली. ६ मे १९७३ रोजी ती टॅलाडेगाला उतरवली. शर्यत सुरू होऊन जेमतेम काही लॅप झाले होते, आणि पुढे एका गाडीचं इंजिन फुटून ट्रॅकवर तेल सांडलं. धुरात वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉटची कंबर, पाय आणि बरगड्या मोडल्या, मूत्रपिंडाला इजा झाली. गाडी संपली, कर्ज उरलं.

ऑक्टोबरमध्ये तो शार्लटला आणखी एक शर्यत धावला. बारावा आला, आणि थांबला.

१९७७ मध्ये त्याच्यावर ‘ग्रीज्ड लाइटनिंग’ हा चित्रपट आला, रिचर्ड प्रायर मुख्य भूमिकेत. तपशील बराचसा सैल, पण नाव लोकांपर्यंत पोचलं. पैसे काही फारसे पोचले नाहीत. स्कॉट डॅनव्हिलच्या गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिला. २३ डिसेंबर १९९० रोजी मणक्याच्या कर्करोगाने तो गेला.

ट्रॉफी

पुढचं सगळं त्याच्या पश्चात. २००८ मध्ये पत्रकार ब्रायन डोनोव्हन यांचं ‘हार्ड ड्रायव्हिंग’ हे चरित्र आलं. २०१३ मध्ये व्हर्जिनिया राज्याने डॅनव्हिलमध्ये त्याच्या नावाचा ऐतिहासिक फलक लावला. २०१५ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. मूळ ट्रॉफी कधी सापडलीच नाही. शेवटी २८ ऑगस्ट २०२१ ला, त्याच्या शंभराव्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी, डेटोनाच्या ट्रॅकवर नॅसकारने नव्याने घडवलेली ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती दिली. ती घेताना फ्रँक होता. बापाच्या गाडीचे टायर बदलणारा तोच मुलगा, आता स्वतः म्हातारा झालेला.

पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, बबा वॉलेस हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर कप सिरीजमधली शर्यत जिंकला. स्कॉटनंतर असं प्रथमच होत होतं. याच वॉलेसने २०१४ मध्ये ट्रक मालिकेतली एक शर्यत मुद्दाम स्कॉटचा ३४ नंबर लावून जिंकली होती. या वेळची शर्यत होती टॅलाडेगाची. पावसामुळे ती मध्येच थांबवावी लागली आणि तेव्हा वॉलेस पुढे होता. निकाल लगेच जाहीर झाला. स्टँडमध्ये भिजत थांबलेल्या लोकांनी तो ऐकला, ट्रॉफी त्याच संध्याकाळी त्याच्या हातात आली, आणि तो ओक्साबोक्शी रडताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला.

स्कॉटच्या नावापुढची ओळ अजून तशीच आहे : ४९५ शर्यती, १ विजय. ती चुकीची नाही. फक्त ती वाचताना मालक, ड्रायव्हर, मेकॅनिक आणि स्पॉन्सर या चारही रकान्यांत एकच नाव भरायचं असतं.